पान्हा, नवसागर आणि गाजीपूर

दिल्लीच्या पूर्व टोकाला, मेरठकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या कडेला गाजीपूर आहे. दिल्ली काय खाते आणि खाऊन काय टाकते, हे दोन्ही एका फेरीत बघायचं असेल तर यापरती जागा नाही. इथे कोंबड्यांची घाऊक 'मुर्गा मंडी' आहे, मासळीबाजार आहे, भाजीमंडई आणि फुलांचा बाजार आहे. जुन्या दिल्लीतला ईदगाहचा कत्तलखाना बंद झाल्यावर त्याचं काम इथेच आलं. म्हशींच्या गोठ्यांची डेअरी कॉलनी आहे. या सगळ्यांच्या डोक्यावर कचऱ्याचा डोंगर आहे. तो १९८४ साली सुरू झाला, २००२ मध्ये भरला आणि तरीही भरत राहिला. २०१९ मध्ये त्याची उंची ६५ मीटर झाली होती. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे.

'व्हीगन' म्हणजे मांस-अंडी तर नाहीतच, पण दूध-तूप-दहीही न खाणारा माणूस. हा शब्द निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीच्या उच्चभ्रू खान मार्केटमधली कॉफी आणि बदामाचं महागडं पेय येतं. श्रीमंतांचं खूळ म्हणून विषय संपतो. या आहाराच्या बाजूने पैशाचा, पर्यावरणाचा आणि नीतीचा असे तीन युक्तिवाद केले जातात, आणि बहुधा तीन वेगळी माणसं ते तीन वेगळ्या आवाजांत करतात. गाजीपुरात मात्र ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाला हात लावला की बाकीचे दोन हलतात. हा गुंता मला फार विलक्षण वाटतो, आणि त्याची सुरुवात म्हशीच्या कासेत होते.

कास म्हणजे दुधाने भरलेली पिशवी, असं आपण समजतो. प्रत्यक्षात दूध तयार होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पोकळ्यांत, आणि या पोकळ्या द्राक्षाच्या घडासारख्या नळ्यांना लगडलेल्या असतात. गाईच्या कासेतलं साधारण पाचवा हिस्सा दूध धार काढण्याआधीच खालच्या टाकीत उतरलेलं असतं. म्हशीत हे प्रमाण जेमतेम विसावा हिस्सा आहे. बाकीचं सगळं वर, घडातच अडकलेलं. सड कितीही ओढा, ते येत नाही.

ते येतं पारडू आल्यावर. पारडू कासेला ढुशी देतं, सड तोंडात धरतं. त्या स्पर्शाची खबर मज्जारज्जूतून मेंदूत पोचते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. ते वाहत वाहत कासेपर्यंत येतं आणि प्रत्येक द्राक्षाभोवती जाळीसारख्या पसरलेल्या पेशींना आकसायला लावतं. घड पिळला जातो आणि दूध खाली उतरतं. म्हशीत याला मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मध्येच कोणी तिला मारलं, अनोळखी माणूस जवळ आला, ती बिचकली, तर अॅड्रिनलिन हे सगळं थांबवून टाकतं. गवळी म्हणतो, म्हशीने पान्हा चोरला. शरीरशास्त्राने हेच सांगायला विसावं शतक उजाडावं लागलं.

हे ऑक्सिटोसिन म्हणजे फक्त नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. म्हशीत तीच, गाईत तीच, बाळंतिणीतही तीच. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये तिचा गर्भाशयावरचा परिणाम पाहिला. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जगभर हेच औषध टोचतात. असंख्य बायका त्यामुळे वाचल्या आहेत.

आता पैशाकडे येऊ. म्हशीचं नवजात पारडू साधारण तीस किलोचं असतं. ते नीट वाढायचं तर त्याला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे रोज तीनेक लिटर दूध लागतं. दिल्लीत म्हशीच्या दुधाचा भाव लिटरला सत्तर रुपये धरला तर तीन महिन्यांत ते पारडू अठरा-एकोणीस हजारांचं दूध पिणार. ते नर असेल तर पुढे त्याला शहरात कोण घेणार? नांगराला ट्रॅक्टर आहे, गाडीला टेम्पो आहे. हरियाणातल्या रोहतक-जिंदकडच्या गावात एखाद्या घरची म्हैस असेल तर पारडू कसंबसं निभावतं, कारण चारा घरचा असतो. भाड्याच्या जागेत विकतचा चारा घालून चाळीस म्हशी बांधणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. यात क्रौर्याची हौस नसते, नुसता हिशेब असतो. पण तो हिशेब पुरा झाला की एक अडचण उरते: पारडू नाही, तर पान्हा कोण सोडणार? काही गोठ्यांत मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवतात. दुसरा उपाय ऑक्सिटोसिनची सुई.

सुईच्याही आधी 'फुका' होता. गाईम्हशीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची, की ती दूध सोडते. हे का घडतं ते करणाऱ्यांना माहीत नव्हतं. १९४१ मध्ये फर्ग्युसन नावाच्या संशोधकाने (पुण्याच्या कॉलेजशी संबंध नाही) सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की जननमार्ग ताणला गेला की पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन सोडते. बाळ जन्माला येताना शरीर हेच करतं. म्हणजे फुका हा खोट्या बाळंतपणाचा प्रयोग होता. शरीराला फसवून तेच रसायन काढायचं. आजची सुई ते बाहेरून घालते, एवढाच फरक.

कलकत्त्याहून आलेल्या लिखाणात गाईम्हशींच्या अशा छळाची वर्णनं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचली आणि १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर, मित्र कॅलनबाखसोबत, दूध सोडलं. आज ज्याला व्हीगन म्हणतात त्याच्या फार जवळ ते तेव्हा पोचले होते, आणि 'व्हीगन' हा शब्द तर १९४४ मध्ये इंग्लंडात जन्माला आला. पुढे १९१८ च्या आजारपणाने ते खचले. मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, त्यांनी व्रत पुढे केलं. वाट कस्तुरबांनी काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते मानलं, पण अक्षर पाळलं आणि आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. दिल्लीत बिर्ला भवनात, ३० जानेवारी १९४८ च्या शेवटच्या जेवणातही शेळीचं दूध होतं.

इथे मला थक्क करणारी एक गोष्ट आहे. शेळीच्या कासेची रचना म्हशीच्या अगदी उलटी असते. तिचं तीन-चतुर्थांशाच्या आसपास दूध आधीच खालच्या टाकीत उतरलेलं असतं. पान्ह्याची वाट न बघता तिची धार काढता येते, म्हणून फुक्याची गरजच पडत नाही. कस्तुरबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं असणं शक्य नाही. पण ज्या छळापायी व्रत घेतलं होतं, त्या छळाची गरज सर्वांत कमी असलेला प्राणी त्यांनी नेमका निवडला.

फुक्याला कायद्यानेही गाठलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या बाराव्या कलमात फुका आणि 'डूम देव' ही नावं आहेत, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय करणारं कोणतंही द्रव्य टोचणं हाही तिथे गुन्हा आहे. या कलमाची गाठ चौसष्ट वर्षांनी दिल्ली उच्च न्यायालयात पडली. राजधानीतल्या नऊ डेअरी कॉलन्यांच्या अवस्थेवरच्या याचिकेत मे २०२४ मध्ये न्यायालयाने बेकायदा ऑक्सिटोसिनचा वापर हा प्राण्यांवरचा अत्याचार असल्याचं सांगून दर आठवड्याला तपासणीचा आदेश दिला. गाजीपूर आणि भलस्वा इथले गोठे कचऱ्याच्या डोंगरांना खेटून आहेत, जनावरं त्यातलं खातात आणि ते दूध लोकांच्या पोटात जातं, म्हणून ते गोठे हलवायला हवेत, असंही म्हटलं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये याच न्यायालयाने ऑक्सिटोसिनच्या खाजगी उत्पादनावरची केंद्राची बंदी रद्द केली होती, कारण बाळंतिणींचं औषध दुर्मिळ होण्याचा धोका होता. एकच रेणू, प्रसूतिगृहात प्राणदाता आणि गोठ्यात आरोपी. दोन्ही निकाल मला बरोबर वाटतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'इंजेक्शनचं दूध' प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, असं दिल्लीत सर्रास ऐकू येतं. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्याच जातीचं आहे, ते पोटात पचून जातं. भोग असतो तो गोठ्यातल्या म्हशीचा. आपल्या पेल्यात काही येत नाही म्हणून तो भोग कमी होत नाही. पण व्हीगन प्रचारकांनीही भीतीचा हा सोपा रस्ता धरू नये.

नर पारड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न शाकाहारी घरात सहसा विचारला जात नाही. जी जगतात ती, आणि आटलेल्या म्हशी, शेवटी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या कत्तलखान्यांकडे जातात. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस निर्यात केलं, ३१ हजार कोटी रुपयांचं. त्याच वर्षी दूध झालं २३ कोटी ९३ लाख टन, जगात सर्वाधिक. मांसाला वेगळी म्हैस लागत नाही, ती दुधाचीच असते. गाईच्या बाबतीत हा दरवाजा बहुतेक राज्यांत बंद आहे, म्हणून ती रस्त्यावर येते. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांवर मोकाट गुरं मोजली गेली. दुधाच्या किमतीत यांचा खर्च धरलेला नसतो. तो भरतो रात्री पीक राखत बसलेला शेतकरी आणि हायवेवरचा मोटारसायकलवाला.

नर पारड्यांच्या प्रश्नावर दुग्धशास्त्राकडेही एक उत्तर आहे, आणि ते चकित करणारं आहे. मादी जन्माला घालणाऱ्या शुक्राणूत नर घालणाऱ्यापेक्षा सुमारे चार टक्के डीएनए जास्त असतं. त्याला चमकणारा रंग लावून, लेझरखालून एकेक शुक्राणू नेऊन, मादीवाले बाजूला काढता येतात. अशा रेतनातून दहापैकी नऊ वासरं मादी होतात. नर मारण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं, हे खरं. पण दहातली नऊ वासरं मादी झाली की दहा वर्षांनी आटलेल्या म्हशीही तेवढ्याच होणार. प्रश्न पुढे ढकलला जातो.

आता पुन्हा त्या डोंगराकडे. एप्रिल २०२४ मध्ये गाजीपूरच्या कचऱ्याला मोठी आग लागली. डोंगराच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही तिथे, आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मिथेन हा ज्वलनशील वायू बनवतात. हे आर्किया पृथ्वीवरच्या अतिप्राचीन जीवांपैकी. त्यांचेच भाऊबंद डोंगराच्या पायथ्याशी रवंथ करणाऱ्या म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहतात. जे गव्हाचं काड आपल्याला मुळीच पचणार नाही त्याचं दूध करणं ही म्हशीची करामत नसून तिच्या पोटातल्या जंतूंची आहे. या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो, आर्किया तो खातात आणि मिथेन सोडतात. म्हैस ते ढेकरेवाटे बाहेर टाकते. खाल्लेल्या ऊर्जेतला सहा-सात टक्के भाग असा हवेत जातो. म्हशीच्या मालकाचेही पैसेच ते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ पट तापवतो, पण हवेत टिकतो मात्र बारा वर्षांच्या आसपास. म्हणून तो कमी केला तर फळ आपल्याच हयातीत दिसतं. भारताच्या शेतीक्षेत्रातल्या हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून अधिक या रवंथातून येतात.

दुसरा वायू अमोनिया. गंगा-यमुनेचं मैदान हे अमोनियाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, हे उपग्रहांना अवकाशातून दिसतं. शेतात टाकलेला युरिया हे त्याचं एक कारण, गुरांचं शेण-मूत हे दुसरं. मुतातला युरिया शेणातल्या जंतूंना भेटला की अमोनिया उडतो. तिकडे प्लॅस्टिकसकट कचरा जळतो, काही कारखान्यांचा धूर निघतो आणि हवेत हायड्रोजन क्लोराइड येतं. थंडीच्या रात्री हे दोघे भेटतात आणि अमोनियम क्लोराइडचे कण बनतात. ते पाणी शोषून फुगतात आणि पहाटेचं धुकं गडद करतात. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात २०२१ मध्ये दिल्लीबद्दल हेच दिसून आलं. अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर! पूर्वी इजिप्तमध्ये उंटाचं शेण जाळून त्याच्या काजळीतून तो काढत. दिल्लीच्या आकाशात तो फुकट पडतो आहे.

जगाचा हिशेब पूर आणि नेमेचेक या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या ३८,७०० शेतांची माहिती जमवून मांडला. प्राणिज अन्न शेतजमिनीचा ८३ टक्के भाग व्यापतं आणि देतं मात्र १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. हा आकडा जसाच्या तसा हरियाणाच्या म्हशीला लावू नये. ती जंगल तोडून केलेल्या कुरणात चरत नाही, पिकाचं उरलेलं खाते. गव्हाचं काड जनावरं खातात म्हणून त्याला किंमत आहे. भाताचा पेंढा तिकडे फारसा कोणी जनावरांना घालत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये धूर त्याचाच होतो. शिवाय देशातल्या सुमारे ८ कोटी ग्रामीण कुटुंबांच्या हातात दुधाचा पैसा येतो, आणि जमीन ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडेही एखादी म्हैस असते. त्या घरातल्या बाईला व्हीगन व्हा म्हणून सांगायला जाणं हा उद्धटपणा आहे. युक्तिवाद लागू पडतो तो विकत घेणाऱ्याला, ज्याच्यासमोर निवड आहे त्याला. म्हणजे द्वारका, नोएडा, गुरुग्राममधल्या आपल्या मराठी मंडळींनाही.

त्यांच्यासाठी थोडा किराण्याचा हिशेब. लिटरभर म्हशीच्या दुधात चाळीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच दोनशे ग्रॅम हरभरा डाळीत मिळतात, आणि ती दुधाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पैशांत येते. सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्मी प्रथिनं. सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र पुढे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना लातूरकडच्या शेतकऱ्याने तो त्याहून बराच खाली विकला. तेल काढून उरलेली पेंड परदेशी जाते किंवा कोंबड्यांच्या खाद्यात. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की कोंबडीला घातलेल्या प्रथिनांतला पाचवा हिस्साच माणसाच्या ताटात परत येतो. आपलीच डाळ कोंबडीकरवी खाण्याची ही फार महाग तऱ्हा आहे.

उणीव एकच मोठी: बी-१२. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवत नाही. प्राणीही बनवत नाहीत. बनवतात फक्त सूक्ष्मजीव, आणि म्हशीला ते तिच्या पोटातल्या जंतूंकडूनच मिळतं. कारखान्यातही ते जंतूंकडूनच तयार करून घेतात. तेव्हा व्हीगन माणसाने गोळी घ्यायचीच, यात वाद नको. पण दूध पिणारेही सुरक्षित नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, आणि दोन-तृतीयांशांत बी-१२ कमी निघालं.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी चहाचं नाव घेणार नाही. सगळे चहापाशीच अडतात आणि तिथूनच परत फिरतात. दिल्लीचं खरं दूध पनीरमध्ये जातं. एक किलो पनीरला म्हशीचं पाच लिटर दूध लागतं, म्हणजे दोनशे ग्रॅम पनीर घातलेली एक भाजी लिटरभर दुधाची झाली. कपात पन्नास मिलिलिटर दूध धरलं तर ते वीस चहांइतकं. लग्नातलं शाही पनीर सोडून घरचा चहा ठेवणारा माणूस, चहा सोडून पनीर हाणणाऱ्यापेक्षा म्हशीचं ओझं कितीतरी अधिक हलकं करतो. आणि दिल्लीला राजमा-चावल, छोले, तुपाच्या तडक्याशिवायची अरहर डाळ यांची काय कमी आहे? तूप वरून न घेतलं की झालं.

३ सप्टेंबर २०२५ ला नवी दिल्लीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत सोयाच्या पेयावरचा कर १२ टक्क्यांवरून आणि बदाम-ओटसारख्या वनस्पतिजन्य पेयांवरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच बैठकीत पाकीटबंद पनीरवरचा ५ टक्के कर शून्य झाला. मंडईतल्या सुट्या राजम्यावर आणि छोल्यांवर तेव्हाही कर नव्हता, आताही नाही.